प्रयोगशाळेची उमेदवारी

उज्जैनच्या उत्तरेस, मंगळनाथाकडे जाणाऱ्या वाटेवर, अंकपात नावाचे स्थान आहे. श्रीकृष्ण, बलराम आणि सुदामा यांनी जेथे विद्याभ्यास केला तो सांदीपनी ऋषींचा आश्रम हाच, अशी लोकांची श्रद्धा आहे. गिरवलेले अंक विद्यार्थी येथल्या पाण्यात धुऊन टाकीत, म्हणून हे अंकपात, असा नावाचा उलगडा गावकरी करतात. कथा सर्वांच्या परिचयाची आहे. राजकुळातला मुलगा आणि दरिद्री ब्राह्मणाचा मुलगा एकाच गुरूच्या घरी राहतात, एकाच रानात सरपण वेचतात आणि एकाच पावसात भिजतात. सांदीपनींच्या अंगणात श्रीमंती-गरिबीचा उंचसखलपणा पुसला गेला, हे या कथेचे मोठेपण होय. तथापि त्या अंगणात पाऊल टाकण्याचा अधिकार मुळात कोणाला होता, हा प्रश्न या कथेने विचारला नाही. तो महाभारताने द्रोणाचार्यांच्या दाराशी उभ्या राहिलेल्या निषादपुत्र एकलव्याच्या मुखाने विचारला, आणि त्याचे उत्तर त्या मुलाला आपल्या अंगठ्याने द्यावे लागले.

आधुनिक विद्यापीठांनी गुरूचे घर मोडले आणि त्या जागी नोंदवही आणली. कोणास किती गुण पडले, कोणी शुल्क भरले, कोणास कितव्या क्रमांकाने जागा मिळाली, हे त्या वहीत लिहिता येते. आणि लिहिता येते म्हणूनच त्याचा जाबही विचारता येतो. परंतु शिक्षणाचा एक कोपरा अद्यापि गुरुगृहाच्याच रीतीने चालतो. तो म्हणजे संशोधनाची प्रयोगशाळा. पेशी काचपात्रात जिवंत कशी ठेवावी, ऊतीचा काप किती पातळ घ्यावा, उपकरणाने दाखविलेला आकडा केव्हा खरा मानावा आणि केव्हा टाकून द्यावा, हे ग्रंथ वाचून येत नाही. ते जाणत्या माणसाच्या शेजारी उभे राहून, त्याचे हात पाहून आणि चार काचपात्रे फोडून येते. गवंडी, सोनार, गवई यांच्याकडे ज्याला उमेदवारी म्हणत, तीच ही. उमेदवाराला जवळ करावयाचे की नाही, हे तेथे अखेरीस वस्तादच ठरवितो.

रोग, आहार आणि शरीराचे व्यापार यांचा मुळातून शोध घेणाऱ्या शास्त्रांना जीववैद्यकीय शास्त्रे असे नाव आहे. या शास्त्रांतील उमेदवारी ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या मिळाली नाही, त्यांना ती कशी मिळत गेली, हा इतिहास माळव्याच्या मातीशी फार जवळचा आहे. उज्जैनहून दक्षिणेस निघाले की इंदूर लागते आणि त्याच्या पुढे महूची छावणी. पहिल्या गावी कमला भागवत जन्मल्या, दुसऱ्या गावी भीमराव आंबेडकर.

उज्जैनचे स्वतःचे दैव या बाबतीत मंद होते. शिंद्यांची राजधानी १८१० साली येथून ग्वाल्हेरजवळच्या लष्करात गेली, आणि राजधानीबरोबर पुढच्या काळातील पुष्कळ संस्थाही गेल्या. इंदुरास १८७८ सालीच वैद्यकशाळा निघाली होती. वैद्यकीय महाविद्यालये १९४६ साली ग्वाल्हेरला आणि १९४८ साली इंदूरला झाली. उज्जैनला अशा महाविद्यालयासाठी २००१ सालापर्यंत वाट पाहावी लागली. तोवर येथल्या मराठी घरांतील हुशार मुलांना डॉक्टर व्हावयाचे, तर गाव सोडण्यावाचून गत्यंतर नव्हते. मुलींचा प्रश्न त्याहून बिकट होता.

मुलींपुरते बोलावयाचे, तर डॉक्टरकी आणि संशोधन यांतील भेद आरंभीच ध्यानात घेतला पाहिजे. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली फिलाडेल्फियाची वैद्यकीय पदवी मिळविली. रखमाबाईंनी लंडनला शिक्षण घेऊन १८९४ साली ती मिळविली आणि पुढे सुरत व राजकोट येथे दीर्घकाळ सेवा केली. त्यांना विरोध झाला, निंदा सोसावी लागली. परंतु स्त्री-डॉक्टर ही समाजाची गरज होती. पडद्यातील आणि माजघरातील स्त्री पुरुष डॉक्टरला नाडी दाखवीत नव्हती, तिच्यासाठी कोणीतरी हवेच होते. स्त्री-संशोधकाची गरज मात्र कोणालाच वाटत नव्हती. तिच्यावाचून कोणाचे बाळंतपण अडत नव्हते. म्हणूनच दवाखान्याचे दार उघडल्यावर प्रयोगशाळेचे दार उघडण्यास आणखी अर्धे शतक जावे लागले.

१९३३ साली कमला भागवत मुंबई विद्यापीठाच्या बी. एस्सी. परीक्षेत रसायनशास्त्र हा मुख्य विषय घेऊन गुणानुक्रमे अग्रभागी आल्या. मराठी वाचकांना सुपरिचित असलेल्या दुर्गाबाई भागवत या त्यांच्या थोरल्या भगिनी. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ, आणि दोघेही बंगळूरच्या टाटांच्या विज्ञान संस्थेतून शिकून बाहेर पडलेले. मुलीनेही तेथेच जावे, हे घरात जणू ठरूनच गेलेले होते. अर्ज गेला आणि नकार आला. संस्थेचे संचालकपद त्याच वर्षी सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्याकडे आले होते. संस्थेचे ते पहिले भारतीय संचालक, आणि नोबेल पारितोषिक मिळून त्यांना तीनच वर्षे झाली होती. गुण कमी पडले असे त्यांनी म्हटले नाही. अर्ज मुलीचा आहे, एवढे कारण त्यांना पुरेसे वाटले.

तो काळ सत्याग्रहाचा होता. कमलाबाई बंगळूरला गेल्या आणि प्रवेश का नाही, याचे कारण त्यांनी समोरासमोर विचारले. कारण सांगा, नाही तर येथून हलणार नाही, असा त्यांचा पवित्रा होता. अखेर रामन यांनी तीन अटींवर संमती दिली. पहिले वर्षभर त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नव्हते. काम पाहून मगच ठरवावयाचे होते. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्री-अपरात्रीसुद्धा, काम केले पाहिजे, ही दुसरी अट. आणि आपल्या उपस्थितीने प्रयोगशाळेतील वातावरण बिघडू देता कामा नये, ही तिसरी.

या अटी जरा निरखून पाहण्याजोग्या आहेत. रात्री काम करण्याची अट एक वेळ सोडून देता येईल. रसायनशास्त्रात ते चालावयाचेच. पण पहिल्या अटीने क्रम उलटा केला. इतर विद्यार्थ्यांना आधी प्रवेश मिळे आणि नंतर त्यांनी कर्तृत्व दाखवावयाचे असे. येथे आधी कर्तृत्व दाखवावयाचे आणि मग प्रवेश. तिसरी अट तर त्याहून चमत्कारिक. दुसऱ्यांच्या मनाच्या चंचलतेचा जिम्मा तिने एका विद्यार्थिनीवर टाकला. रामन यांच्या शास्त्रीय थोरवीला यामुळे बाध येत नाही. पण थोर शास्त्रज्ञ प्रवेशाच्या टेबलाशी बसला म्हणजे तेथे शास्त्रच बसते, असा भ्रमही बाळगण्याचे कारण नाही.

कमलाबाईंनी अटी मान्य केल्या. श्रीनिवासय्या हे त्यांचे मार्गदर्शक. शिस्तीला कडक, पण विद्यार्थी लायक दिसला की शिकविताना हात न राखणारे. त्यांच्या देखरेखीखाली दूध, कडधान्ये आणि डाळी यांतील प्रथिनांचा अभ्यास झाला. ज्या देशातील बहुसंख्य लोकांचे पोषण डाळीवर अवलंबून आहे, तेथे हा विषय निवडण्यात केवढे औचित्य होते, हे सांगावयास नको. वर्ष संपले, रामन यांचे समाधान झाले आणि नियमित प्रवेश मिळाला. १९३६ साली मुंबई विद्यापीठाने याच संशोधनासाठी त्यांना एम. एस्सी. पदवी दिली. त्यानंतर त्या संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. कमलाबाईंना मात्र त्या वर्षाचा विसर पडला नाही. वार्धक्यातही रामन यांच्या विज्ञानाविषयीचा आदर आणि त्या वागणुकीविषयीचा सल त्यांनी दोन्ही बोलून दाखविले.

दार उघडले याचा अर्थ घर आपले झाले, असा नव्हे. रामन यांच्याच प्रयोगशाळेत १९४० ते १९४५ या काळात अण्णा मणी यांनी हिरे आणि माणके यांच्या प्रकाशगुणांवर काम केले. त्यांचा विषय भौतिकीचा होता, पण उमेदवारी तीच. प्रबंध पुरा झाला, परंतु एम. एस्सी. नाही, या कारणास्तव मद्रास विद्यापीठाने डॉक्टरेट दिली नाही. काम घेतले गेले, शिक्का मिळाला नाही.

आणि कमलाबाईंच्या कथेत आणखी एक गोष्ट दृष्टिआड होऊ देता कामा नये. त्यांच्या पाठीशी वडील होते, काका होते. त्या संस्थेचे नाव, तिचे रीतिरिवाज, तिची भाषा हे सर्व घरात रोजच्या बोलण्यातले होते. संचालकाच्या दाराशी बसून राहण्याचे बळ अशा घरातून येते. ज्याच्या घरात बंगळूरचे नावही कोणी ऐकलेले नव्हते, अशा मुलाने कोणाच्या आधारावर तेथे बसावे?

१९३७ साली मुंबई विद्यापीठाच्या शिष्यवृत्तीवर कमलाबाई केंब्रिजला गेल्या. जीवनसत्त्वांच्या शोधासाठी १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळविलेले सर फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स तेथील जीवरसायनशास्त्राचे प्रमुख होते. त्यांच्या प्रयोगशाळेची ख्याती दोन प्रकारची होती. एक शास्त्राची आणि दुसरी औदार्याची. मार्जरी स्टीव्हन्सन, डोरोथी नीडहॅम अशा स्त्रिया तेथे बरोबरीच्या नात्याने काम करीत होत्या. १९३३ नंतर जर्मनीतून परागंदा व्हावे लागलेल्या हान्स क्रेब्स आणि एर्न्स्ट चेन या ज्यू शास्त्रज्ञांनाही तेथे आश्रय मिळाला होता. या दोघांना पुढे नोबेल पारितोषिके मिळाली.

कमलाबाई पोहोचल्या तेव्हा प्रयोगशाळेतील सर्व जागा भरल्या होत्या. त्या वेळी डेरेक रिक्टर नावाच्या संशोधकाने दिवसापुरते एक मेज त्यांच्या स्वाधीन केले. रात्री तो त्याच मेजावर झोपत असे, असे सांगतात. बंगळूरला रात्रीचे काम ही कमलाबाईंवर घातलेली अट होती. येथे रात्रीची अडचण दुसऱ्याने आपण होऊन सोसली. उमेदवाराला पाठबळ देणे म्हणजे काय, हे एवढ्या लहानशा गोष्टीतून जितके कळते तितके मोठमोठ्या योजनांच्या परिपत्रकांतून कळत नाही.

रिक्टर दुसरीकडे गेल्यावर रॉबिन हिल यांच्या मार्गदर्शनाखाली वनस्पतींच्या ऊतींवर काम सुरू झाले. बटाट्यावर प्रयोग करीत असता वनस्पतीच्या पेशीत सायटोक्रोम सी हे द्रव्य असते, असे कमलाबाईंना आढळून आले. पेशीच्या श्वसनक्रियेत इलेक्ट्रॉन एकापासून दुसऱ्याकडे पोहोचविण्याचे काम हे द्रव्य करते. प्राण्यांच्या पेशीत ते माहीत होते. वनस्पतींच्याही पेशीत तेच आहे, म्हणजे श्वास घेण्याची मूळ रीत दोहोंची एकच आहे, हे त्या शोधाचे महत्त्व. प्रबंध अवघा चाळीस टंकलिखित पानांचा होता. जाडीवरून विद्वत्ता मोजणाऱ्यांनी तो आकडा टिपून ठेवावा. १९३९ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. आता यातला विनोद असा, की ज्या विद्यापीठाचा येथे गौरव होत आहे, ते विद्यापीठ त्या वेळी स्त्रियांना केवळ नामधारी पदव्या देत होते. पुरुषांच्या बरोबरीने पूर्ण पदवी आणि विद्यापीठाचे सदस्यत्व केंब्रिजने स्त्रियांना १९४८ साली दिले. हॉपकिन्स यांची प्रयोगशाळा आपल्या विद्यापीठाच्या पुढे होती.

परतल्यावर दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात नव्याने निघालेला जीवरसायनशास्त्राचा विभाग, नंतर कुन्नूरची पोषण-संशोधन प्रयोगशाळा, आणि १९४७ साली विवाहानंतर कमला सोहोनी या नावाने मुंबईची विज्ञान संस्था, असा त्यांचा प्रवास झाला. मुंबईला त्यांनी विद्यार्थ्यांना हाताशी धरून गरिबांच्या अन्नाचा अभ्यास चालविला. कच्च्या कडधान्यात ट्रिप्सिन या पाचक द्रव्याचे काम रोखणारी द्रव्ये असतात. डाळ शिजवून खाण्याची रीत किती शहाणपणाची आहे, हे त्यातून शास्त्रानेच सांगितले. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास केला. न आंबलेल्या या ताडरसात जीवनसत्त्वे व लोह आहेत, आणि कुपोषित आदिवासी मुलांना व गर्भवती स्त्रियांना तो दिल्यास प्रकृती सुधारते, असे दिसून आले. या कार्यासाठी त्यांना राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. पुढे त्या याच विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या. ज्यांना संस्थेच्या दाराशी धरणे धरावे लागले होते, त्या आता दुसऱ्या एका संस्थेत दाराच्या आत बसल्या होत्या.

नावाने जवळजवळ सारख्या असलेल्या दुसऱ्या बाईंची हकिकत येथेच जोडली पाहिजे. कमल समर्थ यांचा जन्म १९१७ सालचा, पुण्याचा. वडील दिनकरराव हे फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. मुलगी हुजूरपागेतून फर्ग्युसनमध्ये आणि विवाहानंतर कमल रणदिवे म्हणून मुंबईत आली. १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले होते आणि तेथील प्रयोगशाळेत डॉ. वसंत रामजी खानोलकर कर्करोगाच्या संशोधनाचा पाया घालीत होते. त्यांच्या हाताखाली रणदिवे यांनी स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास उंदरांच्या निरनिराळ्या वंशांवर केला आणि १९४९ साली मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. खानोलकर तेवढ्यावर थांबले नाहीत. शिष्येला त्यांनी परदेशी धाडले.

ती प्रयोगशाळा होती अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी, जॉन्स हॉपकिन्स संस्थेत, जॉर्ज गाय यांची. शरीराबाहेर मानवी पेशी वाढविण्याची कला त्यांच्याइतकी थोड्यांनाच साधली होती. १९५१ साली याच गाय यांच्या हाती हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या अर्बुदातील पेशी आल्या आणि त्या अखंड वाढत राहिल्या. हेला या नावाने त्या जगभरच्या प्रयोगशाळांत गेल्या, पोलिओची लस त्यांवर तपासली गेली. ज्या बाईच्या त्या पेशी होत्या तिची संमती कोणी घेतली नव्हती. ती कृष्णवर्णीयांसाठी वेगळ्या राखलेल्या कक्षात मरण पावली. त्याच संस्थेत व्हिव्हियन टॉमस हे कृष्णवर्णीय गृहस्थ काम करीत होते. वैद्यकीय शिक्षणासाठी साठविलेले त्यांचे पैसे १९३० च्या मंदीत बुडाले होते. निळ्या पडणाऱ्या अर्भकांच्या हृदयविकारावरील शस्त्रक्रियेची पद्धती त्यांनी प्राण्यांवर प्रयोग करून बसविली, आणि नोव्हेंबर १९४४ मध्ये डॉ. ब्लॅलॉक यांनी पहिली शस्त्रक्रिया केली तेव्हा टॉमस त्यांच्या पाठीमागे उभे राहून सूचना देत होते. पदवीधर डॉक्टर त्यांच्याकडून हात शिकत. त्यांना स्वतःला मात्र सन्माननीय पदवी मिळण्यास १९७६ साल उजाडावे लागले. भारतातून आलेल्या विद्यार्थिनीसाठी जी संस्था खुली होती, तीच आपल्या शेजाऱ्यांसाठी अशी अर्धवट मिटलेली होती. दूरच्या परक्यास आसन देणे सोपे असते. अंगणातल्याला देताना हात आखडतो. हे केवळ अमेरिकेपुरते खरे आहे, असे मात्र कोणी समजू नये.

त्या देशाच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९७२ साली अल्पसंख्य समाजांतील विद्यार्थ्यांना जीववैद्यकीय संशोधनात आणण्यासाठी स्वतंत्र साहाय्य-योजना सुरू केली. केवळ शुल्क नव्हे, तर उन्हाळ्याच्या सुटीत प्रयोगशाळेत काम करण्याचे वेतन आणि मार्गदर्शकाची सोबत, असे अशा साहाय्याचे स्वरूप पुढे वाढत गेले. २०२५ साली तेथील सरकारने या जातीच्या कित्येक योजनांचे अनुदान थांबविले. मुंबईत परतलेल्या कमल रणदिवे यांनी कर्करोग संशोधन केंद्रात देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली, आणि १९७३ साली काही सहकारी स्त्रियांसह भारतीय स्त्री-वैज्ञानिक संस्था स्थापन केली. या संस्थेने पुढे वाशी येथे नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठी वसतिगृह आणि मुलांसाठी पाळणाघर चालविले. विज्ञानाच्या संस्थेने पाळणाघर काढावे, याचे कोणास हसू येईल. परंतु प्रयोग रात्री आठ वाजता संपत असेल आणि घरी दोन वर्षांचे मूल असेल, तर सूक्ष्मदर्शकाइतकेच पाळणाघरही प्रयोगाचे उपकरण ठरते.

आता महूकडे वळावयाचे. डॉ. आंबेडकरांना १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली आणि ते कोलंबिया विद्यापीठात गेले. त्यांचे विषय अर्थशास्त्र व कायदा. प्रयोगशाळेशी त्यांचा संबंध आला नाही. तथापि शिष्यवृत्तीने काय साधते, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक असणार? १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात आल्यावर काही महिन्यांतच, २९ ऑक्टोबरला, त्यांनी अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांविषयी व्हाइसरॉयना एक निवेदन दिले. त्यातील शिक्षणाची मागणी अगदी नेमकी आहे. विज्ञान आणि तंत्रशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी देशात वर्षाला दोन लाख रुपये आणि परदेशी शिक्षणासाठी एक लाख. कला आणि कायद्याचे शिक्षण एक वेळ पोटाला चिमटा घेऊन घेता येते, विज्ञानाचे घेता येत नाही, कारण ते महाग आहे. म्हणून सरकारचा पैसा तेथेच हवा, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९४४ पासून अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. १९४६ साली त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत काढलेले सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० साली तेव्हाच्या औरंगाबादेत काढलेले महाविद्यालय, जे पुढे मिलिंद म्हणून प्रसिद्धीस आले, ही दोन्ही कलेबरोबर विज्ञानाचीही होती. हा योगायोग नव्हता.

पैशाची वाट अशी खुली झाली. पुढे ती रुंदही झाली. २००५-०६ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने राजीव गांधी यांच्या नावाने अनुसूचित जाती व जमातींच्या संशोधक विद्यार्थ्यांसाठी दरसाल दोन हजार अधिछात्रवृत्त्या ठेवल्या. त्याआधी संशोधनासाठी स्वतंत्र अशी एवढी मोठी तरतूद त्यांच्यासाठी नव्हती. एम. एस्सी. झालेल्या मुलाला आणखी पाच वर्षे घरी पैसे न पाठविता शिकत राहणे परवडत नाही, ही साधी गोष्ट ओळखण्यास स्वतंत्र भारताला अर्ध्या शतकाहून अधिक काळ लागला.

वस्तादाच्या मनाची वाट मात्र निराळी. २००६ साली दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी केंद्र सरकारने एक समिती नेमली. समितीचे अध्यक्ष डॉ. सुखदेव थोरात हे विद्यापीठ अनुदान आयोगाचे तेव्हाचे प्रमुख होते. अमरावती जिल्ह्यात जन्मलेले आणि मिलिंद महाविद्यालयात शिकलेले हे अर्थशास्त्रज्ञ होत. समितीचा अहवाल २००७ साली आला. शिक्षकांकडून इतरांइतके लक्ष मिळत नाही, तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षेत वेगळी वागणूक मिळते, वसतिगृहात एका बाजूला राहावे लागते, असे विद्यार्थ्यांनी सांगितल्याचे त्यात नमूद आहे. संस्थेने तो अहवाल मान्य केला नाही. तोंडी आणि प्रात्यक्षिक, हे शब्द लक्षात घेण्यासारखे आहेत. लेखी परीक्षेत उत्तरपत्रिकेवर क्रमांक असतो. प्रात्यक्षिकात समोर माणूस असतो. उमेदवारीची सारी परीक्षा प्रात्यक्षिकच असते. जागा राखून ठेवता येतात, वेतन मंजूर करता येते, पण कोणास शस्त्रक्रियेच्या मेजाजवळ उभे करावयाचे, निबंधावर कोणाचे नाव घालावयाचे, परिषदेला कोणास बरोबर न्यावयाचे, याची नोंदवही कोणत्याही कचेरीत ठेवली जात नाही. हॉपकिन्स, खानोलकर, श्रीनिवासय्या अशा माणसांचे महत्त्व येथे आहे. आणि अशी माणसे भेटणे दैवावर सोडून द्यावे लागावे, ही या व्यवस्थेची सर्वांत मोठी उणीव आहे.

उज्जैनला १९५७ साली विक्रम विद्यापीठ स्थापन झाले आणि विज्ञानाच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी माळव्याच्या मुलामुलींना घराजवळ जागा झाली. २००१ साली येथे रुक्मणीबेन दीपचंद गार्डी वैद्यकीय महाविद्यालय निघाले. स्वीडनमधील कारोलिन्स्का संस्थेशी या महाविद्यालयाचे सहकार्य जमले ते प्रतिजैविकांच्या प्रश्नावर; औषधे कशी वापरली जातात, आणि जंतू त्यांना दाद न देण्यास कसे शिकतात, या विषयावर. येथील काही अध्यापकांनी कारोलिन्स्काची डॉक्टरेट मिळविली ती उज्जैनच्या रुग्णालयांत, आसपासच्या खेड्यांत आणि क्षिप्रेच्या काठी केलेल्या कामावर. क्षिप्रेचे पाणी आणि तळाचा गाळ यांचे निरनिराळ्या ऋतूंत नमुने घेऊन, त्यांतील औषधांचे अवशेष व जंतूंची प्रतिकारशक्ती तपासणारा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. कमला भागवतांना शिकण्यासाठी आधी बंगळूर आणि मग केंब्रिज गाठावे लागले होते. या उमेदवारांचा विषय त्यांच्या गावातून वाहत होता, आणि जे मार्गदर्शक दूर होते ते पत्रांतून, तारायंत्राच्या जागी आलेल्या नव्या साधनांतून आणि अधूनमधून प्रत्यक्ष येऊन शिकवीत. परतीचे भाडे, घरापासूनची ताटातूट, परक्या शहरातील एकटेपणा, हा जो खर्च कोणत्याही शिष्यवृत्तीत मांडलेला नसतो, तो या रीतीत पुष्कळ कमी होतो. ज्यांनी ही डॉक्टरेट मिळविली ते आता स्वतः वस्ताद आहेत, आणि त्यांच्या प्रयोगशाळेशी पुढचे उमेदवार येऊ लागले आहेत.